१५२५ च्या शिपायाचा संच: छातीचा पत्रा अस्सल, शिरस्त्राण भलत्याच काळातले

रावेर परिसरातील आमच्या इतिहासप्रेमी मंडळींनी यंदाच्या जानेवारीत एका महाविद्यालयाच्या पटांगणावर दोन लढायांची प्रात्यक्षिके एकापाठोपाठ सादर केली. पहिली २४ फेब्रुवारी १५२५ ची इटलीतील पाव्हियाची आणि दुसरी २१ एप्रिल १५२६ ची पानिपतची. जेमतेम चौदा महिन्यांच्या अंतराने झालेल्या या लढायांत तोड्याच्या, म्हणजे पेटत्या दोरीने बार काढायच्या, बंदुकांनी आपले बळ दाखवले, आणि त्याच काळात आपल्या खानदेशाच्या गादीवर मीरान मुहम्मद फारुकी होता, हे प्रेक्षकांपुढे एकत्र मांडावे असा आमचा हेतू होता. पानिपतच्या बाजूचे साहित्य ओळखीपाळखीतून जमले. पाव्हियातील शिपायांसाठी मात्र आम्ही ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कारखान्याकडून ‘इटालियन युद्धांचा शिपाई, १५२५’ या नावाचे चार संच प्रत्येकी १९,५०० रुपयांना मागवले. छातीचा व पाठीचा पत्रा, शिरस्त्राण, आखूड तलवार, बार न उडणारी तोड्याची बंदूक आणि लांब भाला एवढ्या वस्तू प्रत्येक संचात आहेत. सराव धरून चार महिने त्या वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे छातीचा पत्रा. सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत हे पत्रे फुगीर आणि गोलसर घडवले जात. पोटाकडे चोच काढल्यासारखा आकार बऱ्याच पुढच्या काळातला आहे. कारागिराने हा फरक ओळखून काम केलेले दिसते. बगलेपाशी पत्र्याची कड दुमडून तिला दोरीसारखा पीळ दिलेला आहे, त्यामुळे हात वर नेताना ती दंडाला कापत नाही आणि दिसायलाही त्या काळाशी जुळते. केळीच्या वखारीतील काट्यावर दोन्ही पत्रे मिळून ५ किलो ४०० ग्रॅम भरले. आतून घालायचा जाड बंडीसारखा अंगरखा संचात नाही, आणि त्याशिवाय पत्रा खांद्यावर रुततो. आम्ही गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींकडून कापूस भरून, उभे दोरे घालून चार बंड्या शिवून घेतल्या. त्यानंतर मुले तास-दीड तास पत्रा अंगावर ठेवून वावरू शकली.

बंदुकीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पाव्हियाची लढाई समजावून सांगताना सगळा भर तिच्यावरच येतो. शिकारीच्या राखीव रानात फ्रेंच सरदारांच्या चिलखती घोडदळाला स्पॅनिश बंदूकधाऱ्यांनी टिपले आणि खुद्द राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला. या संचातील बंदुकीची नळी कायमची बुजवलेली आहे, जे कायद्याच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु चाप खरोखर चालतो. दस्त्याखालची लांब दांडी दाबली की तोडा धरणारा नागमोडी घोडा रंजकाच्या (बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या) वाटीत सावकाश उतरतो, आणि दांडी सोडली की परत वर जातो. विद्यार्थ्यांनी ही हालचाल हाताने करून पाहिली तेव्हा बंदूक डागण्याला इतका वेळ का लागत असे हे त्यांना न सांगता कळले. दोष आहे तो तोडा आवळणाऱ्या स्क्रूत. त्याचे आटे इतके उथळ आहेत की सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी त्यात घट्ट बसत नाही. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी पेटता तोडा निसटून एका विद्यार्थ्याच्या बाहीवर पडला आणि कापडाला रुपयाएवढे भोक पडले. त्याला भाजले नाही, पण तेथे बारूद असती तर काय झाले असते या विचाराने मी त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवला. चारही स्क्रू आम्ही लेथवर नवे करून घेतले.

शिरस्त्राणाबाबत मात्र माझी तक्रार ठाम आहे. डोक्यावर उंच तुरा आणि पुढे-मागे होडीसारखी वर वळलेली कड असलेले जे मोरियन कारखान्याने पाठवले, ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चलनात आले. संचाच्या नावात १५२५ हे साल घालून ते विकणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे. चित्रांत स्पॅनिश शिपाई नेहमी याच टोपात दिसतो म्हणून ते दिले असावे, पण जो संच सालाच्या नावावर विकला जातो त्यात एवढी चूक चालवून घेता येणार नाही. आम्ही ती चारही शिरस्त्राणे बाजूला ठेवून मुलांना साध्या रुंद कापडी टोप्या घातल्या. जर्मन भाडोत्री पायदळाच्या तत्कालीन चित्रांत अशा टोप्या भरपूर दिसतात. तलवार चांगली आहे. तिची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळलेली मूठआड नीट घडवलेली असून पात्याला धार नाही.

भाल्याचे इंग्रजी नाव ‘पाईक’, आणि आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई, त्यामुळे निवेदनात आम्ही जाणीवपूर्वक ‘लांब भाला’ हाच शब्द ठेवला. मूळ भाला सुमारे पाच मीटरचा असे. कुरिअरने एवढी काठी येणे शक्य नसल्याने कारखाना ती दोन तुकड्यांत पाठवतो, आणि तेथेच गोम आहे. मधली लोखंडी नळी तोकडी असल्यामुळे भाला आडवा धरला की सांध्यातून लचकतो व टोक जमिनीकडे झुकते. गावातल्या लोहाराने दोन वीत लांबीची नळी ठोकून दिल्यावर ओळ सरळ उभी राहू लागली.

एका पत्र्याचा चामडी पट्टा रिबिटासह तुटला होता. छायाचित्र पाठवताच कारखान्याने आठ दिवसांत विनाशुल्क नवा पाठवला. शिरस्त्राणाविषयीच्या पत्राला मात्र अजून उत्तर आलेले नाही. प्रात्यक्षिकासाठी साहित्य घेणाऱ्या मंडळांनी पूर्ण संच न मागवता पत्रा, तलवार आणि बंदूक सुटी घ्यावी, स्क्रू आधी बदलून घ्यावा, आणि भाल्यासाठी कारखान्याकडून फक्त पाते घेऊन काठी आपल्या सुताराकडून एकसंध करून घ्यावी. पुढील वर्षासाठी आम्ही आणखी सहा पत्रे याच कारखान्याकडे नोंदवले आहेत.