नाटकांचा ग्रुप सोडताना काय कामी आलं, काय नाही: पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

मराठी नाटकांवर चर्चा करणारा एक मोठा ऑनलाइन ग्रुप सुटावा म्हणून मी गेल्या पावसाळ्यापासून बरंच काही वापरून पाहिलं. ग्रुप वाईट नाही, हे आधीच सांगतो. नेपथ्य कसं बघावं, प्रकाशयोजना कुठे बोलते, हे मी तिथल्या जाणत्या लोकांकडून शिकलो. पण ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहातून प्रयोग बघून घोडबंदर रोडने घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पोस्टचं पहिलं वाक्य तयार असायचं. पोस्ट टाकली की कोण काय म्हणालं हे बघण्यात मध्यरात्र उलटायची. नाटक मनात मुरायला जागाच उरत नव्हती. ते मला सहन होईना.

सुरुवात अँड्रॉइडमधल्या डिजिटल वेलबीइंगपासून केली. ॲपला रोजची वेळ ठरवून द्यायची, ती संपली की आयकॉन करडा पडतो आणि ॲप उघडत नाही. मध्यरात्री घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, आणि माझ्यासारख्या जागरण करणाऱ्याला ते अगदी नको त्या वेळी नवीन कोटा देतं. शिवाय मर्यादा घालणारा आणि काढणारा माणूस एकच. सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवायला काही सेकंद लागतात. रोज किती वेळ जातो याचा हिशेब मात्र इथे खरा दिसतो, तेवढ्यासाठी ही सोय चांगली. स्क्रीन कृष्णधवल करण्याचाही सल्ला बरेच जण देतात. रील आणि फोटोंमध्ये अडकलेल्यांना त्याचा उपयोग होत असेल. आमचा ग्रुप अक्षरांचा. अक्षरं काळीच असतात.

मग संध्याकाळपुरता कीपॅडचा फोन घेतला. घेणाऱ्यांसाठी एक सूचना: जिओचं सिम असेल तर जुना टू-जी फोन चालणार नाही, कारण त्यांचं जाळं फोर-जीपासूनच सुरू होतं. बँकेचे ओटीपी एसएमएसने व्यवस्थित येतात. पैसे द्यायला यूपीआय १२३पे आहे, रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी आणलेलं. चालतं, पण रिक्षावाला मागे वळून बघत थांबलेला असताना आकडे दाबत बसणं जमत नाही, म्हणून मी सुटे पैसे बाळगू लागलो. हा फोन काही आठवडे छान चालला. पण ऑफिसचं काम रात्रीपर्यंत येणाऱ्याला तो परवडत नाही, आणि माझं तसंच आहे. दोन सिम, दोन चार्जर यात तो हळूहळू कपाटात गेला.

खातं कायमचं मिटवण्याबद्दल. फेसबुक, इन्स्टाग्राम दोन्हीकडे खातं मिटवायला टाकलं तरी ३० दिवस ते परत चालू करता येतं. चुकून मिटवणाऱ्यासाठी ही सवलत योग्यच आहे. सोडू बघणाऱ्याला मात्र हाच महिना सगळ्यात अवघड जातो, आणि सगळा महिनाभर दार उघडं असतं. मी मुदत संपायच्या आत परतलो, कारण एका नवीन नाटकावर वाद पेटल्याचं एका मित्राने फोन करून सांगितलं. माझ्या मते खातं मिटवणं हा पहिला उपाय नव्हेच. तो शेवटी, ओढ गेल्यावर करायचा.

ग्रुपचा एक व्हॉट्सअ‍ॅपचा फाटाही होता. २०२२ पासून तिथून गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त ॲडमिनना कळतं, असं आपण समजतो. पण गेल्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी सभासदांना बघता येते. त्यामुळे "दादा, का गेलात? कुणी काही बोललं का?" असे मेसेज आले, मनापासून आलेले, आणि उत्तर देता देता मी पुन्हा आत. म्हणून बाहेर पडण्याआधीच चार जवळच्या माणसांना कारण सांगून ठेवावं आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल हे सेटिंगही बदलावं. ईमेलवर येणाऱ्या 'तुमचा उल्लेख झाला' अशा सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात. त्या राहिल्या तर बाकी सगळं फुकट.

खरा फरक पडला तो ताईमुळे. ती ऐरोलीला राहते, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने दिघा गाव सोडलं की पुढचंच स्टेशन. एका रविवारी तिच्याकडे गेलो, तिच्याकडून लांबलचक पासवर्ड टाकून घेतला, खात्याशी जोडलेला माझा ईमेल आणि नंबर काढून तिचे घातले. आता आत जायचं तर ताईला फोन करावा लागतो. ती नाही म्हणत नाही. फक्त विचारते, "आज काय बघायचंय रे?" आणि दहापैकी नऊ वेळा मला त्याचं उत्तर देता येत नाही. काही बघायचं नसतंच. कुणी काही म्हटलंय का, एवढंच असतं.

यामागचं कारण मानसशास्त्रात जुनं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत ज्या कबुतरांना दाणा कधी मिळेल याचा नेम नसायचा, ती सगळ्यात चिवटपणे टोचत राहायची. पोस्टला कधी चाळीस उत्तरं, कधी एकही नाही, हा तोच प्रकार. त्यात पान कधी संपतच नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची रचना २००६ मध्ये करणाऱ्या एझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आहे. तेव्हा "तुमची इच्छाशक्ती कमी" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

पण कुलूप लावल्यावर पोकळी उरते, आणि याबद्दल फार कमी लिहिलं जातं. नाटक बघून आल्यावर बोलायला माणूस हवंच असतं. ती भूक खोटी नव्हती. ग्रुपवर ज्यांचं लिहिणं मला आवडायचं त्यातले दोघं ठाण्यातलेच निघाले, एक काका नौपाड्यातले, एक बाई वाशीला नोकरी करणाऱ्या. त्यांचे नंबर घेतले. आता महिन्यातून एखादा प्रयोग आम्ही ठरवून बघतो, घाणेकरला नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहात. नाटक सुटल्यावर बाहेर चहा घेत उभं राहतो. काका माझं म्हणणं तिथल्या तिथे खोडून काढतात, मी चिडतो, आणि शेवटची बस गाठायची म्हणून वाद अर्धा राहतो. तो अर्धा वाद डोक्यात घेऊन झोपलं की सकाळी नाटक जास्त कळलेलं असतं. ग्रुपवर दोनशे प्रतिक्रिया वाचून हे मला कधी मिळालं नव्हतं.

कुणाला काय सुचवेन? ग्रुप नुसता सवयीचा असेल तर टायमर आणि सूचना बंद करणं पुरेल. तुमची तिथे ओळख असेल, नाव असेल, लोक वाट बघत असतील, तर पासवर्ड दुसऱ्याकडे द्या, पण चिडणाऱ्या किंवा टोमणे मारणाऱ्या माणसाकडे नको. नवीन प्रयोगांची माहिती चुकेल ही भीती सोडा. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आणि नाट्यगृहाबाहेरचे फलक अजून आहेत.

काका गावाला गेले आणि प्रयोग एकट्याने बघावा लागला की अजूनही रात्री हात फोनकडे जातो. त्या रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावतो आणि गजरासाठी साधं घड्याळ वापरतो.