झाड मिळते, पण बांध सापडत नाही : न्यूरोमॉर्फो डॉट ऑर्गवरील इंटरन्यूरॉन

न्यूरोमॉर्फो डॉट ऑर्ग हे न्यूरॉनच्या त्रिमितीय आकृत्यांचे मुक्त भांडार २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात जॉर्जिओ अ‍ॅस्कोली यांच्या पुढाकाराने सुरू झाले. जगभरातील प्रयोगशाळांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फांदी गिरवून तयार केलेल्या एक लाखाहून अधिक आकृत्या आज तेथे जमा आहेत, आणि त्या उतरवून घेण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत किंवा नावनोंदणी करावी लागत नाही. एवढ्या मोठ्या भांडाराचे सरसकट परीक्षण करण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून या लेखात त्याचा एकच कोपरा तपासला आहे : रॅट आणि माऊस या कृंतक प्राण्यांच्या संवेदन कॉर्टेक्समधील (मेंदूच्या थरथरांनी बनलेल्या बाह्य आवरणातील) इंटरन्यूरॉन, म्हणजे आसपासच्या पेशींना बहुधा दाबणाऱ्या निरोधक पेशी. हा कोपरा निवडण्यामागे कारण आहे. पिरॅमिडल पेशी (कॉर्टेक्समधील मुख्य उत्तेजक पेशी) तिच्या शिखर-डेंड्राइटवरून, म्हणजे संदेश घेणाऱ्या आणि वर जाणाऱ्या फांदीवरून, पाहताक्षणी ओळखता येते. इंटरन्यूरॉनची ओळख मात्र तिचा संदेश बाहेर नेणारा तंतू म्हणजे अ‍ॅक्झॉन कोठे जातो, कोठे थांबतो आणि समोरच्या पेशीच्या कोणत्या भागावर टेकतो यांवरून ठरते. त्यामुळे अशा संग्रहाची खरी कसोटी याच पेशींवर लागते.

शोधण्याची सोय उत्तम आहे. प्राणी, मेंदूचा भाग, पेशीचा प्रकार किंवा आकृती देणारी प्रयोगशाळा यांपैकी कोणत्याही वाटेने आत शिरता येते, आणि वय, पेशी रंगवण्याची पद्धत, मेंदूच्या कापाची जाडी यांसारख्या नोंदींच्या आधारे यादी गाळून घेता येते. प्रत्येक पेशीचे स्वतंत्र पान असून तेथे आकृती फिरवून पाहता येते; सोबत फांद्यांची संख्या, एकूण लांबी, रुंदी, उंची, दुभाजनाचे कोन, फांद्यांमधील असमतोल अशा मापांचा तक्ता असतो. हा तक्ता केवळ शोभेचा नाही. न्यूरोग्लियाफॉर्म पेशीचे डेंड्राइट आखूड असतात आणि तिचा बारीक अ‍ॅक्झॉन सोमाभोवती, म्हणजे पेशीच्या मुख्य गोळ्याभोवती, दाट जाळी विणतो. उलट, मार्टिनोटी पेशीचा अ‍ॅक्झॉन वर चढत थेट पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या थरात पसरतो. या दोघींची माने शेजारी ठेवली, तर चित्र न पाहताही फरक लक्षात येतो, कारण पहिलीत मोठी लांबी लहानशा जागेत कोंबलेली असते आणि दुसरीत उंचीचा आकडा लगेच डोळ्यांत भरतो.

आकृती ज्या एसडब्ल्यूसी स्वरूपात मिळते ते अतिशय साधे आहे. प्रत्येक ओळीत सात आकडे असतात : बिंदूचा क्रमांक, तो सोमाचा, अ‍ॅक्झॉनचा की डेंड्राइटचा हे सांगणारा प्रकार, तीन निर्देशांक, त्रिज्या आणि मागच्या बिंदूचा क्रमांक. मुळाशी असलेल्या बिंदूला मागचा कोणी नसल्याने तेथे उणे एक लिहितात. एवढ्यावर संपूर्ण झाड उभे राहते आणि ते कोणत्याही साध्या संगणकावर वाचता येते. या साधेपणामुळेच हे स्वरूप टिकले, असे माझे मत आहे; मात्र त्याच साधेपणात त्याची उणीवही दडलेली आहे, आणि तिच्याकडे पुढे यावेच लागेल.

त्याआधी नावांविषयी. या पेशींची नावे ठेवणाऱ्यांनी घरातल्या वस्तू मोकळ्या हाताने वापरल्या आहेत : सोमाभोवती टोपली विणणारी बास्केट पेशी, मेणबत्त्यांच्या ओळींसारखी अग्रे असलेली शँडेलियर म्हणजे झुंबर पेशी. भांडारात आकृतीवरचे नाव बहुधा ती देणाऱ्या प्रयोगशाळेनेच ठरवलेले असते, आणि एका प्रयोगशाळेची बास्केट दुसरीची बास्केट असेलच असे नाही. हा दोष भांडाराचा नाही, शास्त्राचाच आहे. २००८ साली तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या पेतिया परिभाषेने इंटरन्यूरॉनच्या वर्णनाचे शब्द एकसारखे करण्याचा प्रयत्न केला. पुढे २०१३ साली ४२ तज्ज्ञांना ३२० पेशी दाखवून त्यांचे वर्गीकरण करायला सांगण्यात आले, तेव्हा शँडेलियर पेशीवर बऱ्यापैकी एकमत झाले, पण बास्केट पेशींच्या पोटप्रकारांवर ते झाले नाही. शँडेलियर पेशी पिरॅमिडल पेशींच्या अ‍ॅक्झॉनच्या आरंभीच्या तुकड्यावरच टेकते आणि तिची उभी अग्रे दुसऱ्या कशासारखी दिसत नाहीत, हे लक्षात घेतले तर या निकालाचे आश्चर्य वाटत नाही. वापरणाऱ्याने म्हणून नावाच्या रकान्यावर गणिते बांधू नयेत. आकृती स्वतः पाहावी.

दुसरी काळजी पूर्णतेची. यांतील बहुसंख्य इंटरन्यूरॉन ३०० मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या कापांत पेशीत बायोसायटिन हे खुणेचे रसायन भरून मिळवलेले आहेत. कापाच्या कडेला पोहोचलेला अ‍ॅक्झॉन तेथेच तुटतो, आणि काप वाळताना तो जाडीच्या दिशेने आकसतो. डेंड्राइटचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. पण ज्या पेशीचा अ‍ॅक्झॉन आडवा दूरवर जातो तिचे चित्र अर्धवट राहते आणि ती आहे त्याहून अधिक स्थानिक भासते. भांडारात अ‍ॅक्झॉन व डेंड्राइट कितपत पूर्ण आहेत आणि आकुंचनाची दुरुस्ती केली आहे की नाही, यांचे स्वतंत्र रकाने आहेत. हे रकाने न पाहता एकूण लांबीची तुलना करणे म्हणजे छाटलेल्या झाडांची उंची मोजण्यासारखे आहे.

आता मुख्य आक्षेप. इंटरन्यूरॉनचा आकार तिच्या जागेपासून वेगळा काढता येत नाही, आणि बॅरल कॉर्टेक्समध्ये तर ही गोष्ट कमालीची स्पष्ट आहे. १९७० साली वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी माऊसच्या चौथ्या थरात पिंपांसारखे पुंजके (बॅरल) दाखवले. प्रत्येक पुंजका थोबाडावरच्या एका मिशीशी जोडलेला असतो. येथे थर आणि बॅरल या दोन्हींच्या सीमा अर्थपूर्ण आहेत. रॅटच्या एका बॅरल-स्तंभात (बॅरल आणि त्याच्या वरखालचे थर मिळून झालेल्या उभ्या पट्ट्यात) सुमारे १९ हजार न्यूरॉन असतात आणि त्यांपैकी साधारण ११.५ टक्के निरोधक. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत निरोधक पेशींची गर्दी दुसऱ्या थरात आणि पाचव्याच्या वरच्या भागात आढळली. दुसऱ्या-तिसऱ्या थरांतील इंटरन्यूरॉनचे अ‍ॅक्झॉन स्वतःच्या स्तंभात राहतात, शेजारच्या स्तंभांत जातात, की खालच्या थरांत उतरतात, यावरूनही त्यांचे गट पाडले गेले आहेत. व्हीआयपी (या पेशींची रासायनिक खूण असलेले पेप्टाइड) गटातील पेशींचे सोमा बहुतांशी याच वरच्या थरांत असतात, त्यांच्या डेंड्राइटची ठेवण बहुधा उभी, दोन टोकांची असते, आणि त्यांचा अ‍ॅक्झॉन खालच्या थरांपर्यंत पोहोचतो.

सर्वांत बोलके उदाहरण सोमॅटोस्टॅटिन ही रासायनिक खूण असलेल्या निरोधक पेशींचे आहे. इतर थरांतील अशा पेशी बऱ्याचदा मार्टिनोटी असतात आणि पहिल्या थरात पोहोचून पिरॅमिडल पेशींच्या शिखर-डेंड्राइटना आवर घालतात. बॅरल कॉर्टेक्सच्या चौथ्या थरातील अशा पेशींचा अ‍ॅक्झॉन मात्र मुख्यतः त्याच थरात राहतो आणि तेथील वेगाने स्पंदणाऱ्या निरोधक पेशींनाच दाबतो. म्हणजे रासायनिक खूण तीच, पण काम वेगळे. हा फरक चौथ्या थराची कड माहीत असेल तरच आकृतीत वाचता येतो, आणि एसडब्ल्यूसीच्या सात रकान्यांत ती कड लिहायला जागाच नाही. भांडाराच्या पानावर सोमा कोणत्या थरात आहे हे बहुधा कळते. पण पियापासून (मेंदूवरच्या पातळ आवरणापासून) त्याचे अंतर, थरांच्या सीमा, बॅरलची भिंत कोठे होती, हे प्रमाणित फाइलमधून मिळत नाही. पेशी पोकळीत लटकते. झाड हाती लागते, त्याचा बांध लागत नाही.

या बाबतीत अ‍ॅलन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेचा २०१५ पासून खुला असलेला सेल टाइप्स डेटाबेस अधिक सोयीचा वाटतो. तेथे पेशींची संख्या पुष्कळच कमी आहे आणि भर माऊसच्या दृष्टी-कॉर्टेक्सवर आहे. परंतु सोमाची सापेक्ष खोली नोंदलेली असते आणि त्याच पेशीच्या विद्युत नोंदीही मिळतात. बॅरलचा अभ्यास करणाऱ्याचे मात्र त्यावर भागत नाही, आणि विविधतेत न्यूरोमॉर्फोला तोड नाही.

तेव्हा एक उपाय सुचवावासा वाटतो. प्रत्येक पेशीच्या पानावर प्रमाणित फाइलबरोबर प्रयोगशाळेने दिलेली मूळ फाइलही ठेवलेली असते, आणि घाईत तिच्याकडे कोणी वळत नाही. मूळ फाइल न्यूरोल्युसिडासारख्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली असेल, तर गिरवणाऱ्याने पियाची रेषा, थरांच्या कडा किंवा बॅरलची रूपरेषा कधी कधी त्यातच आखलेली असते. ती नसेल, तर मूळ शोधनिबंधातील आकृतीवर मोजपट्टी आणि सीमा बहुधा छापलेल्या असतात. त्या निबंधाचा दुवा पेशीच्या पानावरच दिलेला आहे, आणि आकृती वापरल्यास त्याचा उल्लेख करणे ही भांडाराची अटही आहे.