डाईंगच्या पाण्यासाठी कॅटॅलिटिक ओझोन, आमचा अनुभव

इचलकरंजीत आमचं छोटं डाईंग (कापड रंगवायचं) युनिट आहे, रंगाचं सांडपाणी साफ करायला आधी चुना-हिराकस टाकायचो पण गाळ एवढा निघायचा की ठेवायचा कुठं हाच प्रश्न. आता पाण्यात ओझोन वायू सोडणारं मशीन बसवलंय, आणि पंचगंगेकडं रंगीत पाणी जाऊ नये असं वाटत असेल तर नक्की घ्या. रिअ‍ॅक्टिव्ह लालचं (सुती कापडाच्या एका रंगाचं) पाणी ग्लासात धरलं की रक्तासारखं दिसायचं, आता फिकट पिवळसर येतं! ओझोन रंगाचा अझो बंध (ज्यामुळं रंग दिसतो तो नायट्रोजनचा जोड) तोडतो, सोबत मँगनीज ऑक्साईडच्या गोळ्या (कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रिया वाढवणाऱ्या) असल्या की नुसत्या ओझोनपेक्षा सीओडीपण (पाण्यातल्या घाणीचं एक माप) जास्त उतरतो. पण मिठाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जरापण कमी होत नाही, त्याला आरओ वेगळाच लागतो, विकणाऱ्यानं हे आधी सांगितलंच नाही, खूप राग आला. लाईट बिलपण वाढलं. आणि तिखट वास आला तर आधी मशीन बंद करा, ओझोन छातीला लागतो.