टाचेचा बूट की सपाट? अंगठ्याच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं आणि अंगठा शेजारच्या बोटांकडे वळतो, त्याला इंग्रजीत 'बनियन' म्हणतात. हा शब्द मी घरात वापरणं सोडून दिलंय. पहिल्या वेळी मेहुण्याला फोनवर सांगितलं, "बनियनचं ऑपरेशन आहे," तर तो शांतपणे म्हणाला, "ते काढूनच करतात ना सगळी ऑपरेशनं?" तेव्हापासून आमच्याकडे त्याला 'अंगठ्याचं' म्हणतात. डावा अंगठा जून 2022 मध्ये झाला, उजवा नोव्हेंबर 2024 मध्ये, दिवाळी आटोपल्यावर. आईला हेच होतं, बहिणीला आहे. घराण्यात चालत आलेलं आहे, त्यामुळे चपलांना शिव्या देण्यात अर्थ नव्हता.

ऑपरेशन करावं की नाही, यावर मी काही सांगणार नाही. ज्यांना तारीख मिळालीय आणि ऑपरेशननंतर पट्टीवर घालायच्या खास बुटाबद्दल डॉक्टरांनी "बूट कुठला घेणार?" असं विचारलंय, त्यांच्यासाठी हे आहे. हा प्रश्न लोक शेवटच्या दिवशी, बिल भरायच्या रांगेत उभं राहून सोडवतात. मीही तसाच सोडवला होता. पण पुढचे सहा आठवडे आपण ऑपरेशनसोबत राहत नाही, त्या बुटासोबत राहतो.

दोन्ही पायांना एकच शस्त्रक्रिया झाली. अंगठ्यामागचं लांब हाड उभं, इंग्रजी झेड अक्षरासारखं कापून बाजूला सरकवतात आणि दोन स्क्रूंनी बसवतात. त्याला स्कार्फ म्हणतात. गळ्यातल्या स्कार्फशी त्याचा संबंध नाही, लाकडाच्या दोन फळ्या तिरक्या कापून जोडायच्या सुतारी सांध्याचं ते नाव आहे. शिवाय अंगठ्याच्या हाडातून छोटी पाचर काढून तो सरळ करतात, ते एकिन. डाव्या पायाला याखेरीज दुसरं बोट हातोडीसारखं वाकलेलं होतं, ते सरळ करून त्यात तार घातली होती. म्हणजे माझी तुलना तंतोतंत रास्त नाही. डावा पाय जास्त बिघडलेला होता आणि त्यालाच टाचेचा बूट मिळाला. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

टाचेच्या बुटात जाड तळ फक्त टाचेखाली असतो आणि चवडा अधांतरी राहतो. चवड्यावर वजन टाकायचं म्हटलं तरी टाकता येत नाही. सपाट बुटाचा तळ पायभर असतो, पण पाटासारखा कडक. बोटं दुमडत नाहीत एवढंच तो बघतो. वजन टाचेवर ठेवायची आठवण तुमची तुम्ही ठेवायची. सगळा फरक इथे आहे. एक बूट तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, दुसरा जरा जास्तच ठेवतो.

पहिले आठ-दहा दिवस खरं सांगायचं तर कुठलाही बूट असला तरी तेच. पाय छातीपेक्षा वर, दोन उशा आणि त्याखाली बँकेची जुनी ब्रीफकेस. तासातून पाच-दहा मिनिटं उठायचं, तेवढ्यात संडास-बाथरूम आणि चहा. पाय खाली सोडला की आत ठोके पडतात, जसं काही हृदय तिथे राहायला गेलंय. या दिवसांत मला टाचेचा बूट आवडला होता हे कबूल करतो. गोळ्यांच्या गुंगीत रात्री उठलं तरी चुकून चवडा टेकायची भीती नव्हती. तारेच्या बोटाला तर तो बूट म्हणजे कवचच. तारेचं टोक बोटाबाहेर डोकावत असतं, त्यावर छोटी टोपी असते, आणि चादर नेमकी तिथेच अडकते. (पायाशी पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, चादर त्याच्यावरून जाऊ द्या.) पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी ती तार पकडीने उपसली. मी डोळे मिटून तयारीत होतो, तोवर ती ट्रेमध्ये पडून टण्णकन वाजलीसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यानंतर, टाके निघाल्यावर, मी घरात फिरायला लागलो आणि टाचेच्या बुटाचं खरं रूप दिसलं.

तो बूट उंच आहे. डावा पाय एकदम चार बोटं वर. बुटासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचं पादत्राण घालावं. हे लिहिणाऱ्याच्या देशात लोक घरात बूट घालून फिरत असणार. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आई अनवाणी, बायको अनवाणी, मी अनवाणी. चप्पल दाराबाहेर. ऑपरेशनचा बूट नवा कोरा, घरातच उघडलेला, म्हणून आईने त्याला सवलत दिली. पण उजव्या पायात जाड तळाची सँडल घालून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "अरे, एक पाय दुखतोय ना? मग दुसऱ्यात कशाला?"

तिला उंचीचं गणित समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी देवघराशी पुन्हा तेच. मग काय, स्वयंपाकघर आलं की सँडल काढायची, वॉकर धरून एका पायावर तोल सांभाळायचा, आत लंगडत जायचं, बाहेर आलं की पुन्हा घालायची. दिवसातून पंधरा वेळा. दवाखान्यात तपासणीला जाऊन आलं की वेगळाच सोहळा. आता बूट बाहेरचा झाला, म्हणून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि बायको ओल्या फडक्याने त्याचा तळ पुसायची. शेवटी कंटाळून मी उजवा पाय अनवाणीच ठेवला. तिसऱ्या आठवड्यात अंगठा शांत झाला आणि कंबर बोलायला लागली. कंबरेची डावी बाजू, अगदी माकडहाडापर्यंत. पायासाठी घेतलेल्या गोळ्या कंबरेसाठी संपवल्या.

वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट आहे. पण याच एका गोष्टीने माझा निर्णय केला, कारण ती दिवसातून एकदा नव्हती, प्रत्येक पावलाला होती.

पोटरीचंही तसंच. त्या बुटात पाऊल किंचित वर उचललेलं राहतं, त्यामुळे पोटरी दिवसभर ताणलेली. एके रात्री ती इतकी दुखली की मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. रक्ताची गुठळी असेल का, ही शंका अशा वेळी झटकून टाकायची नसते. एकाच पोटरीत दुखणं, सूज, ऊब जाणवली तर त्याच दिवशी कळवायचं आणि छातीत दुखलं किंवा धाप लागली तर सरळ इस्पितळ गाठायचं. त्यांनी डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करायला लावला. काही निघालं नाही, नुसता ताण होता.

जिने हा आणखी एक अध्याय. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या जुन्या इमारतीतल्या, अरुंद. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतेच. पण अरुंद पायरीवर आपला चवडाच नीट मावतो, टाच मागे लोंबते, आणि टाचेच्या बुटात आधार आहे तो फक्त टाचेखाली! म्हणजे जो भाग पायरीवर आहे त्याखाली काही नाही आणि ज्याखाली तळ आहे तो भाग हवेत. पाऊल आडवं करून, खेकड्यासारखं चढावं लागलं. त्यात जून महिना, जिन्यात छत्र्यांचं पाणी. पावसाळ्यात ऑपरेशन करून घेऊ नका, हे बुटाशी संबंधित नसलं तरी सांगून ठेवतो. पट्टी भिजली तर पुन्हा दवाखाना, आणि धुतलेले मोजे तीन दिवस वाळत नाहीत.

आता सपाट बूट. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "काका, या वेळी तार नाहीये, हाड चांगलं आहे, स्क्रू घट्ट बसलेत. दोन्ही चालतील. तुम्हाला झेपेल तो घ्या." मी वाक्य पुरं व्हायच्या आत सपाट म्हणालो.

त्याची उंची आहे, पण जेमतेम. दुसरा पाय अनवाणी असला तरी शरीर ते खपवून घेतं. स्वयंपाकघर, देवघर, गॅलरी, कुठेही काही काढायचं-घालायचं नाही. बाहेरून आल्यावर तळ पुसायचं काम राहिलंच, पण सपाट तळ पायपुसण्यावर दोनदा घासला तरी आईचं समाधान होत होतं. वॉकर मी बाराव्या दिवशी सोडला आणि एका कुबडीवर आलो. पहिल्या वेळी त्याला चौथा आठवडा उजाडला होता. पायरीवर अख्खं पाऊल टेकत नव्हतं तरी जेवढं टेकत होतं त्याखाली आधार होता. कंबर अजिबात बोलली नाही. यात दुसऱ्या खेपेचा अनुभव किती आणि बुटाचा हात किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

त्याचा दोष मात्र मोठा आहे, आणि तो पायात नसून डोक्यात होतो. चालणं सोपं वाटतं, म्हणून माणूस चालतो. सोळाव्या दिवशी मला वाटलं, खालून दूध घेऊन यावं. दूध आणलं, मग कोपऱ्यावर एक ओळखीचे भेटले, मग तिथेच पंधरा मिनिटं उभा. संध्याकाळी पट्टीतून बोटं अशी दिसत होती जशी कागदातून बाहेर आलेली लादीपावाची टोकं. रात्रभर पाय उशांवर. पुढच्याच आठवड्यात मी एकदा बोटांनी जमीन ढकलून पाऊल टाकलं, सवयीने, आणि सांध्यातून कळ अशी गेली की भिंत धरली. टाचेच्या बुटात हे घडलंच नसतं. त्याबाबतीत तो कडक मास्तर आहे आणि काही विद्यार्थ्यांना मास्तर लागतोच. तुम्ही 'आता बरं वाटतंय' म्हणून कपाटं आवरायला घेणारे असाल, तर माझ्या आवडीकडे दुर्लक्ष करून खुशाल टाचेचा घ्या.

तार असेल, एकाहून जास्त बोटांचं काम झालं असेल, हाडं ठिसूळ असतील, किंवा डॉक्टर स्वतः टाचेचाच म्हणत असतील, तर वाद घालू नका. त्यांनी तुमचं हाड उघडून पाहिलेलं असतं. बूट निवडायची मुभा जेव्हा खरोखर दिली जाते, तेव्हाच ही सगळी चर्चा.

बाकी गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. बुटाचं माप पायाला पट्टी बांधलेली असताना घ्यायचं, नुसत्या पायाचं घेतलेलं माप पहिल्याच दिवशी वाया जातं. वेल्क्रोमध्ये केस आणि धागे अडकतात, जुन्या दातब्रशने साफ करायचे. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पाय बाहेर, गुडघ्यापर्यंत पिशवी आणि वर रबर. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. उकिडवं बसलं की सगळा भार चवड्यावर आणि अंगठा मागे वाकतो, ते इतक्यात कोणत्याच बुटात जमायचं नाही. टाके निघाले आणि डॉक्टर हो म्हणाले की अंगठा हाताने वर-खाली करायचा व्यायाम चुकवू नका. डाव्याच्या वेळी दुखतं म्हणून टाळला, तो सांधा आजही उजव्यापेक्षा ताठ आहे. आणि याचा दोष मी टाचेच्या बुटाला देत नाही, द्यावासा वाटला तरी.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे, मग रुंद तोंडाचा, एक नंबर मोठा स्पोर्ट्स शू. लोकलमध्ये मी दोन्ही वेळा त्यानंतरच पाऊल ठेवलं, तेही दुपारच्या गाडीला. हाड जुळलं असलं तरी डोंबिवलीच्या फलाटावर आपल्या पायावर कोण पाय देईल याचा भरवसा एक्स-रे देत नाही. संध्याकाळची सूज डाव्याला जवळजवळ वर्षभर होती, उजव्याची सात-आठ महिन्यांत गेली. उजव्या पायाच्या वेळी स्कूटरला हात लावायला दोन महिने लागले, कारण माझ्या जुन्या स्कूटरचा ब्रेक त्याच पायाखाली आहे.

टाचेचा बूट मला महाग पडला होता. तो माळ्यावर पिशवीत आहे, डावा-उजवा असा भेद त्यात नाही, वापर जेमतेम सहा आठवडे. येत्या जानेवारीत बहिणीच्या पायाची तारीख आहे. परवा आली तेव्हा मी दोन्ही बूट काढून तिच्यासमोर ठेवले आणि काहीच बोललो नाही. तिने टाचेचा पायात घातला, उभी राहिली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चार पावलं गेली आणि आईकडे बघितलं. मग काढून ठेवला. जाताना सपाट पिशवीत टाकून घेऊन गेली.