दवाखाना चालवायचा की जाब विचारायचा?

आरोग्यावर काम करणाऱ्या छोट्या संस्थेपुढे हा पेच कधी ना कधी येतोच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून विचारणा होते, ‘आमचं फिरतं पथक चालवाल का?’ त्याच सुमारास पाड्यावरच्या बाया सांगतात, ‘नर्सताई दोन महिने फिरकल्या नाहीत, कुणाला विचारायचं?’ दोन्ही कामं गरजेची आहेत. पण पहिल्या कामात विभाग तुम्हाला पैसे देणारा असतो आणि दुसऱ्यात तुम्हाला उत्तर देणारा. एकाच संस्थेने दोन्ही टोपल्या डोक्यावर घेतल्या की एक खाली येते, आणि बहुतेक वेळा ती दुसरी असते. तिसरी वाटही आहे: स्वतः नवी पद्धत उभी करून ती सिद्ध करून दाखवायची. यापैकी काय निवडायचं हे ठरवत असाल, तर हा हिशेब तुमच्यासाठी.

सेवा चालवणं

याचा फायदा लगेच दिसतो. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी डॉक्टर येतो, औषध मिळतं. कर्नाटकात करुणा ट्रस्टने १९९६ मध्ये गुंबळ्ळीचं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र चालवायला घेतलं आणि पुढे अरुणाचल प्रदेशातल्या दुर्गम केंद्रांपर्यंत हे काम नेलं. जिथे सरकारी माणूस टिकतच नाही, तिथे या वाटेला पर्याय नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण करारात मोजलं जातं ते किती रुग्ण तपासले, किती शिबिरं झाली हे. कोण आलंच नाही, हे मोजलं जात नाही. रस्त्याकडेच्या गावात पथक थांबवलं की आकडा भरतो. ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी अर्धा दिवस मोडतो आणि वहीत दहा नावं पडतात. विषमता नेमकी त्या ओढ्यापलीकडे असते. त्यात हप्ता अडकला की संस्थेच्या माणसांचे पगार अडकतात, आणि पगार अडकलेली संस्था विभागाविरुद्ध बोलायला कचरते. यात कुणाची नियत वाईट नसते. पैशाची वाटच तशी आहे.

देखरेख करणं

ही वाट महाराष्ट्राने इतर बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त तुडवली आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर समित्याही आल्या: आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती, गावात आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता यांची समिती आणि तिच्या हाती वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा. पण आपण समितीचे सदस्य आहोत हे सदस्यालाच ठाऊक नाही, अशी गावं कमी नाहीत. संस्थेचं पहिलं काम तिथूनच सुरू होतं.

२००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे त्यात होते. राज्य पातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. गावकरी मिळून उपकेंद्राचं, आरोग्य केंद्राचं रिपोर्ट कार्ड भरत. चांगल्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही लाल रंग कळतो, म्हणून हे साधन मला फार मोलाचं वाटतं. मग जनसुनवाई. तिथे ‘माझ्याकडून बाळंतपणाचे पैसे घेतले’, ‘औषध बाहेरून आणायला लावलं’ हे अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगायचं. बंद उपकेंद्रं उघडली, बाहेरच्या चिठ्ठ्या थांबल्या, असे बदल यातून झाले आहेत.

उणिवाही आहेत. जनसुनवाईत सगळा राग समोरच्या नर्सताईंवर निघू शकतो, आणि त्या बिचाऱ्या रिक्त पदांमुळे दोन उपकेंद्रांचा भार वाहत असतात. पद भरणं तालुक्याच्या हातात नसतं. म्हणून गावातला प्रश्न जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला नेण्याची ताकद नसेल, तर जनसुनवाईने फक्त कटुता उरते. शिवाय या कामाचा पैसाही आरोग्य अभियानातूनच येत होता. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच तिजोरीतून.

तरी एक गोष्ट या वाटेनेच होते: विभागाच्या वहीत नसलेली माणसं वहीत येतात. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया किती वर्षं चालू होत्या! महिला संघटना आणि पत्रकारांनी लावून धरल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कितीही फिरती पथकं चालवली असती तरी हा आकडा त्यांच्या मासिक अहवालात आला नसता, कारण तो रकानाच तिथे नव्हता.

करून दाखवणं

आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित स्त्रियांना आरोग्यसेविका बनवलं. बंग दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूतांमुळे ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशांमार्फत, म्हणजे सरकारने गावोगावी नेमलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर नेली. म्हणजे ‘सर्च’च्या स्थापनेपासून पंचवीस वर्षं.

एवढा धीर आणि प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवण्याची शिस्त असेल तरच या वाटेला जा. सरकार पद्धत उचलताना तिचा सोपा भागच उचलू शकतं, हेही धरून चाला. गडचिरोलीत गावची बाई जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देत होती; आशांच्या वाट्याला भेटी आणि वजन आलं, इंजेक्शन आलं नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने ठरावीक सहा दिवशी घरी जायचं असतं, त्याचे २५० रुपये. पण पहिलटकरीण माहेरी गेलेली असते, किंवा जोडपं कारखान्यावर कोयता घेऊन गेलेलं असतं. ते बाळ कोणत्या आशाचं?

पैसा

सरकारी करारात रक्कम मोठी, मुदत छोटी. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, रुग्णवाहिकेला पैसे लवकर मिळतात. गावात बैठका घेणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन मिळवणं फार जड जातं. परदेशी निधी मोठ्या संस्थेकडून छोटीला मिळायचा, तो मार्ग एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने बंद केला. त्यामुळे छोट्या संस्थांना सेवेच्या कराराचा मोह होणं स्वाभाविक आहे.

माझा कौल

तुमच्या भागात आरोग्य केंद्र आहे, माणसं आहेत, पण सेवा वस्तीपर्यंत पोचत नाही, अशी स्थिती असेल तर देखरेख निवडा, आणि सोबत आशा-नर्सताईंच्या बाजूनेही बोला. केंद्रच नसेल किंवा वर्षानुवर्षं कुलूप असेल, तर सेवा घ्या. तिसरी वाट फार थोड्यांची आहे.

सेवा घ्यायचं ठरलंच, तर सहीआधी तीन गोष्टी करारात लिहून घ्या. आकडे गावनिहाय न ठेवता पाडानिहाय ठेवता येतील. ते ग्रामसभेत वाचून दाखवता येतील. आणि हप्ता थांबला तर किती दिवसांत मिळेल, त्याची तारीख. तिसऱ्या अटीवर तडजोड करावी लागली तर करा. दुसरी नाकारली, तर सही करू नका.