जानेवारी बॅचचा बिझनेस डिप्लोमा: प्रवेश घ्यायच्या आधी हे वाचा

आधी गुण देऊन टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. पाचपैकी तीन. शिकवण्याला चार, प्रवेशाच्या कारभाराला तीन आणि कॉम्प्युटर लॅबला दोन, तेही खुर्च्या बऱ्या आहेत म्हणून. कॉलेजचं नाव लिहीत नाही. एक तर मी अजून तिथंच शिकतोय, आणि दुसरं म्हणजे नावापेक्षा काय विचारायचं हे माहीत असणं जास्त कामाचं आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. १९९८ ला बारावी कॉमर्स झालो आणि त्यानंतर थेट खतावणीवर बसलो. रोजकीर्द, शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई हे झोपेतसुद्धा जमतं. पण जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला रिटर्न भरायला सीएच्या ऑफिसातल्या पोराला फोन करत बसायची पाळी आली. थोरल्या शेठना त्याचं काही वाटायचं नाही. धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले आणि दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, "दिवाणजी, तुम्हीच शिकून घ्या की. अर्धी फी दुकानातनं देऊ." शेठ लोकांच्या तोंडून असलं वाक्य निघालं की जुलैची वाट बघायची नसते. म्हणून जानेवारी.

वर्षाच्या मध्यात प्रवेश म्हटलं की आपल्याकडे लोक संशयानं बघतात. नापासांची बॅच, उरलेल्या जागा, फी गोळा करायचा धंदा. खरं तर सहामाही बॅच आपल्याला नवी नाही. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा बॅचा कायमच चालतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाचेही जानेवारी आणि जुलै असे दोन प्रवेश असतात. कॉलेजांचं म्हणाल तर जून २०२४ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) जाहीर केलं की वर्षातून दोनदा, म्हणजे जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देता येतील. 'देता येतील' हे नीट वाचा. सक्ती नाही. ज्याच्याकडे वर्गखोल्या आणि शिक्षक आहेत त्यानं द्यावेत, असा त्याचा अर्थ. खिडकीवरच्या साहेबांनी मात्र मला "सरकारचा नियमच आहे आता काका" असं सांगून टाकलं. ऐकून घेतलं.

अर्ज ऑनलाइन. मोबाईलवर उघडला, नाव-पत्ता भरला आणि बारावीचं उत्तीर्ण वर्ष निवडायला गेलो तर यादी २००५ लाच संपली. त्याच्या मागं कुणी बारावी झालंच नसावं! शेवटी कॉलेजात जाऊन प्रवेश विभागातल्या मॅडमना दाखवलं. त्या हसल्या, पण त्यांनी स्वतःच्या लॉगिनवरनं वर्ष टाकून दिलं आणि माझ्यासमोर अर्ज सबमिट केला. या बाईंना पाचपैकी पाच. पुढंही जिथं अडलं तिथं त्यांनीच सोडवलं. तुम्ही चाळिशी ओलांडलेले असाल तर ऑनलाइनच्या नादाला न लागता सरळ कॉलेजात जा.

कागदपत्रांत तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला नावाचा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. शिवाय माझ्या वडलांच्या नावातला 'राव' मार्कशीटवर आहे आणि आधारवर नाही. आता पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा व्हायला एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो, तो डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. माझा निघाला, पण वेगळ्या नावानं. मॅडमनी दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं साध्या कागदावर लिहून घेतलं आणि काम पुढं सरकलं. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, एवढं घरून निघतानाच बघा, नाहीतर ओटीपी पोराच्या जुन्या नंबरवर जातो आणि पोरगं असतं चाकणला.

दुसरा गॅपचा. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅप सर्टिफिकेट मागतात. इथल्या यादीत 'स्टँप पेपरवर' असं छापलेलं. विजयनगरला कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, शंभराचा स्टँप आता नाही, पाचशेचा घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा झाला हे बरोबर आहे. पण सत्तावीस वर्षं मी कुठल्याही कॉलेजात शिकलो नाही, हे सांगायला पाचशे रुपये? यार्डात कुणालाही विचारा, फुकट सांगतील. परत येऊन मॅडमना विचारलं की साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालेल का. त्या आत जाऊन विचारून आल्या आणि म्हणाल्या, चालेल. मग यादीत स्टँप पेपर छापलाय कशाला? त्या दिवशी माझ्या पुढं रांगेत उभी असलेली सगळी पोरं पाचशे घालवून आली होती. याचा एक गुण कापला.

तिसरा मूळ मार्कशीटचा. खिडकीवरच्या साहेबांनी मूळ कागद "फाईलला ठेवतो, कोर्स संपल्यावर न्या" म्हणून मागितले. देऊ नका. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे की मूळ प्रमाणपत्रं संस्थेनं अडकवून ठेवायची नाहीत. तपासायची, झेरॉक्स घ्यायची आणि परत द्यायची. माहितीपुस्तक विकत घेण्याचीही सक्ती करता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "साहेब, पेढीवर कुणाचा मूळ सातबारा आम्ही ठेवून घेत नाही." त्यांनी झेरॉक्सवर शिक्का मारला. हेही सांगतो की हे नियम विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न कॉलेजांना लागतात. दोन खोल्या घेऊन बोर्डावर 'कॉलेज' लिहिणाऱ्या क्लासवाल्यांना हे दाखवून उपयोग नाही. म्हणून संलग्नतेचं पत्र आधी बघायला मागा. इथं मागितल्यावर लगेच दाखवलं.

आता मुद्द्याचं. कोर्स एक वर्षाचा, दोन सत्रांचा. पहिल्या सत्रात हिशेबाची तत्त्वं, व्यावसायिक पत्रव्यवहार आणि व्यवस्थापनाची ओळख. दुसऱ्यात जीएसटी, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), मार्केटिंग आणि एक प्रकल्प. जाहिरातीत 'जानेवारी बॅच सुरू' असं मोठ्या अक्षरात. मी विचारलं, जानेवारीत आलेल्याला पहिलं सत्र शिकवणार का? यावर खिडकीत शांतता. मग कळलं की स्वतंत्र बॅच अशी नाहीच. जुलैची पोरं आता दुसऱ्या सत्रात गेलेली आहेत, जानेवारीवाल्यांना त्यांच्यातच बसवायचं, आणि पहिलं सत्र पुढच्या जुलैत करायचं. म्हणजे नवी हळद जुन्या मालात मिसळून एकच ढीग लावायचा. यार्डात असं केलं तर सौद्याला उभा राहिलेला खरेदीदार मूठभर हळकुंडं हातात घेऊन दोन मोडतो आणि पुढं निघून जातो.

हे लपवून ठेवलं होतं असं म्हणणार नाही, पण विचारल्याशिवाय सांगितलंही नाही. माझ्यापुरतं बघायचं तर मला ते सोयीचंच पडलं. नावे-जमा मला कुणी शिकवायला नको, आणि ज्यासाठी आलो तो जीएसटी आधी मिळाला. पण माझ्या मागं रांगेत कुपवाडची एक मुलगी होती. बारावी सायन्स, नर्सिंगला नंबर लागला नाही, घरच्यांनी 'वर्ष वाया नको' म्हणून इकडं आणलेली. तिनं मला विचारलं, "काका, लेजर म्हणजे काय असतं?" लेजर म्हणजे आपली खतावणी. या पोरीला फेब्रुवारीत इनपुट टॅक्स क्रेडिटच्या (खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करण्याच्या) नोंदी करायला बसवणार आणि लेजर म्हणजे काय ते जुलैत सांगणार! तिच्या वडलांना मी बाजूला घेऊन हेच सांगितलं. ते बिचारे रिक्षा बाहेर लावून आलेले, म्हणाले, "तुम्हीच विचारा की जरा आत."

आत विभागप्रमुख सर भेटले आणि इथं मात्र कॉलेजची बाजू घ्यायला पाहिजे. सरांनी कबूल केलं की ज्यांचा कॉमर्स झालेला नाही त्यांचे हाल होतात. मग त्यांनी अशा मुलांसाठी शनिवारी दुपारी हिशेबाचा जादा वर्ग सुरू केला, फी न घेता. पाटीवर रोजकीर्द आखून शिकवतात. मी एकदा सहज जाऊन बसलो होतो, उत्तम शिकवतात. कुपवाडच्या मुलीचा लेजर आता जुळतो. पण हा वर्ग सरांच्या चांगुलपणावर चाललाय, माहितीपुस्तकात त्याचा एक शब्द नाही. उद्या सरांची बदली झाली की संपलं. त्यामुळं तुमचा कॉमर्स नसेल तर 'शनिवारचा वर्ग आहे का' हे विचारा आणि नसेल तर खुशाल जुलैपर्यंत थांबा.

जीएसटी शिकवणाऱ्या मॅडम तरुण आहेत, स्वतः कर सल्लागाराकडं काम करून आलेल्या. पुस्तकातली 'अबक आणि कंपनी' त्यांनी दुसऱ्याच तासाला बाजूला ठेवली आणि वर्गाला विचारलं, कुणाचं दुकान आहे, कोण कुठं कामाला आहे. तेव्हापासून माझी हळद, एकाचं हार्डवेअर आणि तासगावच्या एका पोराचा बेदाणा अशीच उदाहरणं चालतात. ई-वे बिल, म्हणजे माल गाडीनं नेताना सोबत ठेवायचा ऑनलाइन कागद, ५०,००० रुपयांच्या वर लागतं हे मला माहीत होतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जाणार असेल तर ही मर्यादा १ लाख आहे, हे त्यांनी सांगितलं. पेढीवर आम्ही उगाच साठ-सत्तर हजारांच्या मालालाही बिलं काढत होतो. दुसऱ्या दिवशी धाकट्या शेठना सांगितलं तर ते मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाले, "अरे वा." एवढीच शाबासकी.

लॅबचं काय सांगू. टॅली आहे, पण विद्यार्थ्यांच्या बऱ्याच मशीनवर शैक्षणिक मोडमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेलाच व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकता येतं. सरावाला एखाद्या आठवड्यापुरतं ठीक आहे. पण 'इंडस्ट्री रेडी' असं भिंतीवर रंगवायचं आणि सगळी खरेदी १ तारखेला, सगळी विक्री २ तारखेला दाखवायची? पोरांना वाटेल व्यापारी महिनाभर झोपा काढतात. परवाना घेतलेली दोन मशीन आहेत, ती स्टाफकडं. याबद्दल सगळ्यांच्या सह्यांचं पत्र दिलंय.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, नोकरदारांना बरी. पण यार्डातल्या माणसानं जानेवारीचा प्रवेश घेताना एक विचार करावा. नव्या हळदीची आवक फेब्रुवारीत सुरू होते, मार्च-एप्रिलला सौदे जोरात, त्यात ३१ मार्च. नेमक्या त्याच महिन्यांत तुमचे तास आणि एप्रिलअखेर परीक्षा. हजेरी ७५ टक्के लागते. मी २० तारखेच्या आसपासचे दोन दिवस आधीच सांगून ठेवले आणि सरांनी मान्य केलं. ज्याचे शेठ संध्याकाळी सहाला सोडणार नाहीत त्यानं इग्नूकडं वळावं, तिथं रोज वर्गात बसायची भानगड नाही. मला समोर मास्तर लागतो, म्हणून मी तिकडं गेलो नाही.

फी २१,००० रुपये, दोन हप्त्यांत. पावती छापील, शिक्क्याची, लगेच मिळते. परताव्याचा नियम मात्र स्वतः वाचून ठेवा. त्याच २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत (त्यातून फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांपर्यंतच, प्रक्रिया शुल्क कापून), त्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर शून्य. म्हणजे सगळं गणित त्या 'शेवटच्या तारखे'वर. जानेवारी बॅचची ही तारीख इथल्या बोर्डावर एक होती आणि वेबसाईटवर दुसरीच. मी दोन्हींचे फोटो काढून ठेवलेत. तुम्हीही काढा आणि पैसे भरताना पावतीच्या मागं तारीख लिहून घ्या, मॅडम लिहून देतात.

प्रवेश विभाग दुपारी दीड ते अडीच बंद असतो आणि शनिवारी फक्त सकाळी. गाडी लावायला आत जागा आहे. कॅन्टीनमधला चहा गोड, भडंग ताजं. दुसरा हप्ता १५ एप्रिलला आहे. टॅलीच्या पत्राचं काय झालं ते त्याच दिवशी खिडकीवर विचारणार आहे. परवाने आलेले असले तर लॅबचे गुण वाढवून इथंच लिहीन.