एकपात्रीसाठी काय घ्यावं: गाजलेलं स्वगत की नाट्यछटा?

गणपती आटोपले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळा-कॉलेजांत एकपात्रीची तयारी सुरू होते. भावनाप्रधान काही करायचं ठरलं की बहुतेकदा दोनच गोष्टींवर गाडी येते: शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकातलं घर मागणारं स्वगत, नाहीतर दिवाकरांची एखादी नाट्यछटा, म्हणजे एकाच पात्राच्या बोलण्यातून उभा राहणारा छोटा प्रसंग. मी दोन्ही स्वतः केली आहेत आणि मुलांकडून बसवूनही घेतली आहेत, म्हणून हे लिहितोय.

स्वगताची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. शिरवाडकरांची वाक्यं नुसती नीट म्हणायला लागलात तरी आवाज मोकळा होतो. लांब वाक्य एका दमात पेलायचं, शेवटचा शब्द गिळायचा नाही, हा रियाज कुणीही करावा. शिवाय पहिल्या शब्दालाच सभागृह सावरून बसतं. नवख्या मुलाला तेवढा आधारही पुष्कळ असतो.

माझं मन तिथून उडालं ते एका गोष्टीमुळे. त्या स्वगतात थांबता येत नाही.

तालुक्याच्या एका स्पर्धेत घराच्या त्या वाक्याआधी मी थांबलो होतो. मान खाली, हात अर्धवट पुढे आलेला. मागावं लागतंय याची म्हाताऱ्याला वाटणारी लाज त्या थांब्यातच दिसायला हवी होती. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका काकांनी ते वाक्य पुरं केलं, आणि मागून आणखी दोघांनी. त्यांनी ते प्रेमानंच केलं, त्यांना दोष नाही. पण जो क्षण मी उभा करत होतो तो त्यांच्या तोंडून निघून गेला, आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. पुढे मी बसवलेल्या मुलांच्या वाट्यालाही हेच आलं. मग मुलं थांबायचंच सोडतात, धावत सुटतात, आणि धावणाऱ्या दुःखाचा नुसता आरडाओरडा होतो. ‘नटसम्राट’च्या २३ डिसेंबर १९७० च्या पहिल्या प्रयोगात डॉ. श्रीराम लागूंनी हा म्हातारा, म्हणजे अप्पा बेलवलकर, उभा केला, तेव्हापासून त्या भूमिकेचा एक आवाज लोकांच्या कानात बसला आहे. नववीतलं पोरगं त्या आवाजाच्या मागे लागतं आणि स्वतःचा आवाज घरी ठेवून येतं.

नाट्यछटेत ही अडचण मुळातच येत नाही. शंकर काशिनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर, यांनी १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजवला. त्यात बोलणारा एकच, पण तो कुणाशी तरी बोलत असतो. ते माणूस रंगमंचावर नसतं, त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे थांबा आपोआप मिळतो. तुम्ही गप्प झालात की प्रेक्षकाला वाटतं, समोरचा आता काहीतरी बोलतोय, आणि तोही तुमच्याबरोबर कान देतो. तिथलं वाक्य पुरं करायला कुणी धजावत नाही.

‘पंत मेले - राव चढले’ घ्या. एका घरात मृत्यूचा आकांत, दुसऱ्यात त्याच मृत्यूमुळे मिळालेल्या बढतीचा आनंद. ही बसवताना एक मुलगी रडणाऱ्या लेकराची समजूत प्रेक्षकांकडे बघून काढत होती. तालमीत तिच्यासमोर घरातला पाट उभा करून ठेवला, पोराच्या उंचीचा. त्याच्याशी बोलायचं, त्याचे डोळे पुसायचे, तो हात झटकतोय असं समजायचं. पुढे पाट काढला तरी तिची नजर तेवढ्याच उंचीवर राहिली. तिनं डोळ्यांतून पाण्याचा थेंबही काढला नाही. दुसऱ्या घरातला आनंद सुरू झाला तेव्हा मात्र समोरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

आपल्याकडच्या मुलांबाबत एक सांगावंसं वाटतं. दशावतार बघत वाढलेल्या पोरांना शोक म्हटला की सूर चढवायची सवय असते. जत्रेत, मध्यरात्रीनंतर, देवळासमोरच्या मांडावर तो सूर हवाच. त्या कलाकारांपुढे लिहिलेली संहिताही नसते, ते जाग्यावर बोलतात, आणि त्यांची ती ताकद मी फार मानतो. पण पाच मिनिटांच्या एकपात्रीत, समोर हातभर अंतरावर परीक्षक बसलेले असताना, तो सूर अंगावर येतो. स्वगत त्या सवयीला खतपाणी घालतं, तर समोरच्याशी बोलायचं असल्यामुळे नाट्यछटा तिला आवर घालते.

नाट्यछटेच्या अडचणी आहेतच. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, पुणेरी वळणाची. घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर ती चटकन बसत नाही, पाठांतराला जास्त वेळ द्यावा लागतो. स्पर्धेची वेळ सात-आठ मिनिटांची असेल तर छटा लवकर संपते, आणि ती ताणली तर विरते. तुमचा स्पर्धक पन्नाशीचा असेल आणि गळ्यात दम असेल, तर कदाचित स्वगतच त्याला शोभेल. खुल्या गटात असे दोघे-तिघे मी ऐकले आहेत, त्यांना कुणी मधे बोलायला धजावलं नाही.

शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या मुलासाठी विचाराल, तर मी नाट्यछटाच हातात देईन. नाव नोंदवण्याआधी नियमपत्रिका तेवढी वाचा: काही ठिकाणी नाट्यछटा आणि एकपात्री अभिनय हे वेगळे गट असतात, आणि इशाऱ्याची घंटा कितव्या मिनिटाला होते हे आधीच कळलं तर ‘पंत मेले’सारख्या छटेच्या दुसऱ्या भागाची लय त्यानुसार बसवता येते.